नोकरी सोडतेय, लग्नाचं ठरत आलेलं नातंही. नाशिकहून वर्षभरासाठी निघायचंय

पाथर्डीफाटा

नमस्कार मंडळी. इथे बरेच महिने नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदा काढतेय. जरा लांबेल, समजून घ्या.

वय ३१. नाशिकला आईबाबांबरोबर राहते. अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, आठ वर्षं झाली. काम मला येतं आणि बरीच वर्षं आवडतही होतं. आता मात्र ऑडिट जवळ आलं की झोप उडते आणि ऑडिट चांगलं पार पडलं तरी काही वाटत नाही. रिजेक्शन कमी झालं म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेव्हा मी मनात सुट्ट्या मोजत होते.

वर्षभर फिरायचं आहे, जमलं तर त्याहून जास्त. टूर कंपनीबरोबर नाही. पाठीवर सॅक, एसटी, रेल्वेचा स्लीपर, धर्मशाळा, होस्टेल, जिथे जे मिळेल ते. एखाद्या गावात महिनाभर राहावंसं वाटलं तर राहायचं. आधी भारत, मग नेपाळ, मग व्हिएतनामच्या बाजूला. हे अचानक डोक्यात आलेलं नाही. सात लाखांच्या आसपास साठवलेत, ते याच कामासाठी. कर्ज नाही.

आता अवघड भाग. आमचं कॉलेजपासूनचं आहे. दोन्ही घरी माहीत आहे. साखरपुडा झालेला नाही, पण तो होणारच असं सगळे धरून चालतात. त्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की माल निघेपर्यंत तो बागेचा असतो आणि माल निघाला की एप्रिलची खरड छाटणी उभी. वर्षभर बाग सोडणं त्याला शक्य नाही, आणि सोड म्हणण्याचा मला हक्क नाही. माणूस फार चांगला आहे. भांडण नाही, फसवणूक नाही, घरच्यांचा विरोध नाही. म्हणूनच कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, मग अडचण काय आहे?

अडचण अशी की लग्नानंतरचं जे आयुष्य सगळ्यांनी आमच्यासाठी ठरवून टाकलंय, त्यात मला मी दिसतच नाही. खूप प्रयत्न करून पाहिला. त्याच्यावर माझं प्रेम आहे आणि तरीही मला जायचंय.

त्याला अजून सांगितलेलं नाही. कधी सांगू, कसं सांगू? वर्षभर थांब म्हणू की मोकळं करू? आणि नोकरी सोडताना पैशाच्या बाजूने काय काय बघून ठेवायचं? तुमच्यापैकी कुणी असं निघालं असेल तर जरूर लिहा.

सोमेश्वरचा_धबधबा

जा. सात लाख आणि कर्ज नाही, एवढी मोकळीक फार थोड्यांना मिळते. बाकीचं जाणकार सांगतीलच. फक्त त्याला सांगायच्या आधी राजीनामा देऊ नका, एवढं माझ्याकडून.

हिशोबनीस

वरच्यांशी सहमत. पैशाचं मी लिहितो.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर कंपनी देते त्या रकमेचा, विषय तुम्ही काढलाच नाहीत. पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा झाली आहे, तेव्हा तो तुमचा हक्क आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. समजा तो आकडा ३०,००० आहे, तर आठ वर्षांचे १ लाख ३८ हजारांच्या वर होतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या. हे पैसे कंपनीने ३० दिवसांत द्यायचे असतात.

पीएफला हात लावू नका. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळे काढला तरी कर लागणार नाही हे खरं, पण २०२४-२५ चा व्याजदर ८.२५ टक्के होता. तेवढं व्याज सुरक्षित ठिकाणी दुसरीकडे मिळणं कठीण. यूएएनला (पीएफच्या कायमच्या क्रमांकाला) आधार, पॅन आणि बँक खातं नीट जोडलेलं आहे ना, वडिलांच्या किंवा आईच्या नावाचं नॉमिनेशन आहे ना, हे नोकरीत असतानाच तपासा. नावातल्या एका अक्षराचा फरक दुरुस्त करायचा तर कंपनीची मंजुरी लागू शकते, आणि सोडून गेलेल्या माणसाच्या कामाला एचआरमध्ये कुणी धावत नाही.

सगळ्यांत महत्त्वाचं, आरोग्य विमा. आईबाबांचं नाव तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे का? असेल तर बहुतेक ठिकाणी तुमचा शेवटचा दिवस तोच त्यांच्या कव्हरचाही शेवटचा दिवस असतो. नव्याने पॉलिसी काढली तर बीपी, शुगर यांसारख्या आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पूर्वी ही मर्यादा चार वर्षं होती, २०२४ मध्ये ती तीनवर आली. त्यापेक्षा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करा. छाननी होते, हप्ता स्वतः भरावा लागतो, पण ग्रुपमध्ये काढलेली वर्षं धरली जातात. अर्ज नोटीस पिरियडमध्येच करा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढा भार कमी.

सात लाख एका खात्यात ठेवून फिरू नका. परत आल्यावर नोकरी मिळेपर्यंत सहा महिने जगता येईल इतकी रक्कम एफडीत टाका आणि ती नाहीच असं समजा. उरलेल्यात वर्ष बसवा. भारतात साधेपणाने राहिलं तर महिन्याला २५ ते ३० हजारांत होतं. रोज गाव बदललं की हा आकडा लगेच वाढतो, खर्च मुक्कामापेक्षा प्रवासात जास्त होतो.

गंगापूर_रोडची_काकू

बाळा, मी तुझ्या आईच्या वयाची. फिरायला जाऊ नको असं मी म्हणणार नाही. आमच्या पिढीतल्या बायका काशीला जायच्या त्या साठीनंतर, तेही कुणाच्या तरी सोबतीने. तुला एकतिसाव्या वर्षी जायची हिंमत होतेय, चांगलंच आहे.

पण मुलगा चांगला आहे म्हणतेस, घरची माणसं चांगली आहेत म्हणतेस. वर्ष म्हणजे काय गं? पूर्वी माणसं आखातात जायची, मिलिटरीत जायची, बायका थांबायच्याच ना. त्याला थांब म्हण. इतक्या वर्षांचं सोबतीचं माणूस असं तोडून टाकू नये. आणि हे सगळं तू आईला सांगितलंस का? धाग्यात आईचं नाव पहिल्या ओळीनंतर कुठेच नाही.

पाथर्डीफाटा

हिशोबनीस, मनापासून आभार. बाबांना शुगर आहे आणि ते कंपनीच्याच पॉलिसीत आहेत. हे माझ्या लक्षातच आलं नसतं. आजच एचआरकडून पॉलिसीचे कागद मागितले, कारण न सांगता.

काकू, आईला फिरण्याचं माहीत आहे, त्याच्याबद्दलचं नाही. तिने त्याला जावई मानलेलं आहे. गेल्या वर्षी बाबा ॲडमिट होते तेव्हा रात्री दवाखान्यात तोच थांबायचा. आईला हे सांगायची मला त्याला सांगण्यापेक्षा जास्त भीती वाटते.

थांब म्हणण्याबद्दल तुमचं ऐकून रात्रभर विचार केला. आखातात गेलेला माणूस परत कुठे यायचंय हे ठरवून जायचा. माझं तेच ठरलेलं नाही. परत येऊन मला नाशिकलाच राहायचं असेल का, त्या घरात जायचं असेल का, आज मला खरंच सांगता येत नाही.

निफाडचा_बागायतदार

ताई, या विषयावर मी लिहीन असं वाटलं नव्हतं. पण द्राक्षवाल्याची बाजू मांडणारं इथे कुणी नाही, म्हणून लिहितो.

सांगायचं असेल तर छाटणीच्या आधी सांगा. छाटणी झाली की माल निघेपर्यंत साधारण ११० ते १३० दिवस. त्यातले पहिले दोन महिने माणूस जाग्यावर नसतो. पोंगा अवस्थेत, म्हणजे नवे फुटवे निघताना, पाऊस आला की डाऊनी (बुरशीचा रोग), मग फेल काढणी, डिपिंग, विरळणी. मजूर आज आहेत, उद्या नाहीत. फुलोऱ्यात ढग आले तर आम्ही जेवत नाही. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा चार-पाच अंशांवर येतो, तेव्हा मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करायच्या, ठिबक सोडायचं. त्या दिवसांत तुम्ही हे सांगितलंत तर त्याला ऐकायलाही सवड मिळणार नाही आणि रडायलाही.

आता थांबण्याचं. माझ्या बाबतीत हे झालेलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. समोरची पुण्याला शिकायला गेली. थांब असं ती कधी म्हणाली नाही, थांबू नकोस असंही म्हणाली नाही. मी थांबलो. घरी स्थळं येत होती, मी काहीतरी कारण सांगून टाळत होतो. तिच्याबद्दल मनात राग नाही. पण त्या काळात मी घरचा कुठलाच निर्णय धड घेतला नाही. नवीन वाण लावायचा की नाही, घर बांधायचं की नाही, सगळं तिच्या उत्तरावर अडकलेलं. बागायतदाराच्या घरी कुणाशी लग्न होणार, ती शेतात राहणार की गावात, यावर पुढच्या पंधरा वर्षांचं नियोजन असतं.

हिशोबनीस साहेबांनी परतीचे पैसे बाजूला ठेवायला सांगितलंय, ते बरोबर आहे. माणूस मात्र तसा बाजूला ठेवू नका. तुमचं नक्की नसेल तर नक्की नाही असं सांगून त्याला मोकळं करा. समोरासमोर सांगा, फोनवर नको. शक्यतो त्याच्याच शेतात जाऊन सांगा. तुम्ही गेल्यावर त्याला तिथेच थांबता येईल, गावातून घरी जायला नको.

सॅकवाली

बागायतदार, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद.

पाथर्डीफाटा, मी बराच काळ एकटीने फिरले आहे, अजूनही फिरते. वाटेचं मी सांगते.

तू साधारण दिवाळीनंतर निघशील असं धरते. हिमालयात त्या वेळी जाऊ नकोस. मनालीकडून स्पितीला जायचा कुंझुम घाट ४५५१ मीटरवर आहे, हिवाळ्यात तो बंद असतो. किन्नौरकडून रस्ता चालू असतो, पण पहिल्याच लांब प्रवासात कडाक्याच्या थंडीत काझाला बसून राहायचं काही कारण नाही. थंडीत मध्य भारत आणि ईशान्य भारत कर, हिमाचल-लडाख मे-जूनपासून पुढे. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरला इनर लाइन परमिट (बाहेरच्यांसाठी प्रवेशाचा परवाना) लागतं, ते ऑनलाइन निघतं. मेघालय, आसाम आणि त्रिपुराला लागत नाही.

उंचीचं गांभीर्याने घे. आपण कळसूबाईला चढून आलो की डोंगर कळले असं वाटतं. ती १६४६ मीटर. काझा साडेतीन हजारांच्या वर आहे, लेहही त्याच उंचीचं. तीन हजारांच्या वर गेलीस की रोजचा झोपायचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको आणि मधे विश्रांतीचा दिवस हवाच. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही, बरं वाटेना तर खाली उतरायचं. फिट माणसांनाही त्रास होतो, क्वालिटीच्या मजल्यावर दिवसभर उभं राहण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, आधीच पोस्टपेड करून घे. आईचा जीव तिथे टांगणीला लागतो, म्हणून सांगते.

नेपाळला व्हिसा नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालत नाही. सीमेवर मी लोकांना परत फिरताना पाहिलंय. भूतानला भारतीयांना रात्रीमागे १२०० रुपये शुल्क आहे, दीर्घ मुक्कामाच्या हिशोबात ते बसत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आत्ताच नवा कर, आणि करणारच असशील तर ६० पानांचा कर. ३६ पानांचा १५०० आणि ६० पानांचा २००० रुपये, फरक फार नाही.

होस्टेलमध्ये कामाच्या बदल्यात राहायला मिळतं हे तू ऐकलं असशील. भारतात ठीक आहे, मी केलंय. परदेशात टुरिस्ट व्हिसावर असं फुकट काम हेसुद्धा बऱ्याच देशांत कामच धरतात. तिथे त्या फंदात पडू नकोस.

सुरक्षिततेबद्दल तुला शंभर जण शंभर गोष्टी सांगतील. माझे नियम थोडेच आहेत आणि ते मी मोडत नाही. नव्या गावात उजेड असताना पोहोचायचं, त्यासाठी एक दिवस जास्त लागला तरी चालेल. पहिली रात्र आधी बुक केलेली, शक्यतो बायकांच्या डॉर्ममध्ये. एकटी आहेस का असं कुणी विचारलं तर मागून माणसं येतायत. आणीबाणीचा ११२ आणि रेल्वेचा १३९ पाठ. आणि मनाला खटकलं की उठून निघायचं, समोरच्याला वाईट वाटेल याचा विचार करायचा नाही. हे शेवटचं आपल्याला फार कठीण जातं, कारण लहानपणापासून उलटं शिकवलेलं असतं.

भगूर_देवळाली

मी एचआरमध्ये आहे, तुमच्या कंपनीत नाही. वेगळं मत मांडतो.

राजीनामा द्यायच्या आधी बिनपगारी रजा मागून बघा. आठ वर्षांच्या माणसाला काही कंपन्या देतात. एका वर्षाच्या खंडाने करिअर संपत नाही, क्वालिटीत चांगली माणसं मिळत नाहीत हे मी रोज पाहतो. पण खंड दोन-अडीच वर्षांचा झाला की मुलाखतीत प्रश्न वाढतात आणि पगाराची बोली खाली येते. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि फॉर्म १६ हातात घेतल्याशिवाय गाव सोडू नका. नोटीस पूर्ण भरा. जाताना कुणाला टोमणा नको, पाच वर्षांनी तोच माणूस सातपूरच्या दुसऱ्या कंपनीत तुमची मुलाखत घेत असतो.

आणि एक मनापासून विचारतो. नोकरीचा कंटाळा आणि लग्नाची धास्ती एकाच वेळी आली आहे. या दोन्हींवर प्रवास हे उत्तर आहे का? नोकरी बदलून बघितलीत का?

पाथर्डीफाटा

रजा विचारून झाली. तीन महिन्यांच्या वर देता येणार नाही म्हणाले, त्यातही मधे ऑडिट आलं तर परत यावं लागेल.

तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी तो स्वतःला विचारलाय. नोकरीचा कंटाळा मला पाच वर्षं नव्हता, तेव्हाही मी महिन्याला पैसे बाजूला टाकत होते आणि नकाशे बघत होते. म्हणजे जायचं आधीपासून होतं, कंटाळ्याने फक्त तारीख जवळ आणली. लग्नाचं वेगळं आहे. मी इथेच राहिले, कुठेही गेले नाही, तरी त्या घरात जायला माझं मन तयार नाही. हे लिहिताना हात थरथरतोय, पण ते खरं आहे. इतके दिवस मी दोन्ही गोष्टी एकत्र सांगत होते, कारण फिरायला जायचंय म्हणून सोडते असं म्हटलं की त्याला कमी लागेल असं वाटत होतं.

नांदूरमध्यमेश्वर

मग त्याला हेच सांगा, याच शब्दांत. फिरण्यामुळे सोडते असं ऐकलं तर तो म्हणेल, फिरून ये, मी आहे. आणि तेव्हा तुमच्याकडे उत्तर नसेल.

मी गप्प वाचत होतो, एक सुचवावंसं वाटलं. नाशिककरांच्या उशाशी इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवस बोलणं नाही, फोन नाही, पुस्तक नाही. फी नाही, शिबिर झाल्यावर इच्छा असेल तर दान. त्याने निर्णय सोपा होतो असं मी म्हणणार नाही, तो मार्ग त्यासाठी नाहीच. पण लांब प्रवासात एकटेपणा येतो तो कसा असतो, त्यात आपण टिकतो का, हे घराजवळ कळतं. एकटं फिरताना तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक वेळ येते, नवं गाव बघायची इच्छाच मरते. तेव्हा घाईने परतीचं तिकीट काढू नये, त्याच गावात पंधरा दिवस राहावं, रोज त्याच टपरीवर चहा प्यावा, भाजी आणून स्वयंपाक करावा.

आणि श्रावण चालू आहे. तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी असते, सुमारे २० किलोमीटर. सॅक पूर्ण भरून ती फेरी चाला. पावसात, चिखलात, गर्दीत. घरी येऊन सॅकमधून निम्मं सामान स्वतःच काढाल.

गंगापूर_रोडची_काकू

बागायतदारांचं वाचून मी माझं म्हणणं मागे घेते. त्याला थांब म्हणू नकोस.

पण आईला त्याच्यानंतर लगेच सांग, त्याच दिवशी. बाहेरून कळलं तर तिला दुहेरी लागेल. मुलीची आई म्हणून सांगते, आम्हाला लोक काय म्हणतील याची काळजी असते, नाही असं नाही. त्याहून मोठी काळजी वेगळी असते. म्हातारपणी हिला कोण आहे, ही. ती रडली तर तिला समजावत बसू नकोस, रडू दे. आणि जावई मानलेल्या मुलाशी तिला यापुढे बोलावंसं वाटलं तर बोलू दे. तो तुझ्या आयुष्यातून गेला म्हणून तिच्याही आयुष्यातून जायलाच पाहिजे असं नाही.

सॅकवाली

काकू, हे कुणी सांगितलं नसतं.

पाथर्डीफाटा

काही आठवडे इथे आले नाही. सगळ्यांचे प्रतिसाद मात्र रोज वाचत होते. आता लिहिते.

फेरी केली. काकड्या, पेरू, भिजलेली माणसं, अभंग, आणि माझी साडेतेरा किलोची सॅक. उतरल्यावर जीन्स, दुसरे बूट आणि हेअर ड्रायर काढून टाकला. आता आठ किलोंच्या आत आहे.

त्याला सांगितलं. छाटणीच्या आधी, शेतात जाऊन. फिरण्याबद्दल आधी बोललेच नाही. लग्नाचं बोलले. तो चिडला, आणि मी त्याला चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, हे तुला दोन वर्षांपूर्वी कळत नव्हतं का. मी म्हटलं, कळत होतं, सांगायचं धाडस आता आलं. मग त्याने सरळ विचारलं, मी वाट बघायची की नाही, एवढंच सांग. मी नको म्हटलं. एवढा एक शब्द उच्चारायला जे लागलं ते बागायतदारांच्या प्रतिसादामुळे मिळालं. दादा, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्याला फोन केला, माझ्यासमोर. काय बोलले ते मी ऐकलं नाही, दुसऱ्या खोलीत गेले. त्याने त्याच्या घरी स्वतःच सांगितलं. माझ्यावर काही ढकललं नाही. गावात ढकलणारे भरपूर आहेत, ते कानावर येतंय.

बाबा काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी रेल्वेचं वेळापत्रक काढून ठेवलंय.

राजीनामा दिला. नोटीस दोन महिने, शेवटचा दिवस दिवाळीनंतर. आईबाबांचा विमा त्याच कंपनीत वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळाला. बाबांच्या शुगरमुळे हप्ता बराच वाढला, तो वर्षभराचा आत्ताच भरला. त्यामुळे फिरायचे पैसे कमी झाले, म्हणून व्हिएतनाम सध्या यादीतून काढलंय. ग्रॅच्युइटी आली तर बघू. दोन लाख एफडीत टाकले.

सुरुवात नर्मदेपासून. नाशिकरोडहून रेल्वेने खंडवा, तिथून बसने ओंकारेश्वर. पूर्ण परिक्रमा नाही, तेवढी माझी तयारी नाही. एका काठाने काही आठवडे चालायचं आणि मग पूर्वेकडे. कुणी त्या बाजूला चाललं असेल तर सांगा.

निफाडचा_बागायतदार

ताई, उपकार वगैरे नको. तुम्ही सांगितलंत हे त्याच्या भल्याचंच केलंत. त्याला ते आत्ता पटणार नाही, पटावं अशी अपेक्षाही ठेवू नका.

माझे चुलते परिक्रमेला गेले होते. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि मधे कुठे ओलांडायची नाही, हा नियम. काही आठवडेच चालणार असाल तरी तेवढ्यापुरता पाळा, गावातले लोक तेवढं बघतात. वाटेवर आश्रमांत आणि घरांमध्ये जेवण मिळतं, काही ठिकाणी शिधा मिळतो, स्वतः शिजवायचं. म्हणून एक छोटं पातेलं जवळ ठेवा. पैसे घ्या म्हणून आग्रह करू नका, त्यांना वाईट वाटतं. कामात हात लावा, भांडी घासा, झाडून द्या.

हिशोबनीस

ग्रॅच्युइटी आली तर बघू, असं नाही. ती येणारच आहे, ती तुमच्या आठ वर्षांची आहे. शेवटच्या दिवशी अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या आणि फोटो काढून मेलवर ठेवा. ३० दिवसांत आली नाही तर इथे लिहा, पुढचा अर्ज कसा करायचा ते मी सांगतो. घरचा पत्ता बँकेत आणि पीएफमध्ये आईबाबांचाच राहू द्या. आणि पुढच्या वर्षी उत्पन्न नसलं तरी एप्रिल ते दिवाळीपर्यंतचा पगार या वर्षात आहे, तेव्हा ३१ जुलैच्या आत रिटर्न भरायचंय. त्या वेळी तुम्ही बहुतेक स्पितीत असाल. फॉर्म १६ फोनमध्ये ठेवा, रेंज मिळेल त्या गावातून भरता येतं. कापलेला टीडीएस परत मिळायची शक्यता चांगली आहे, कारण वर्षाचा निम्माच पगार होईल.

पाथर्डीफाटा

पातेलं आणि फॉर्म १६, दोन्ही यादीत लिहिलं. पोचपावतीचं एचआरला आजच सांगितलं, त्यांनी हो म्हटलंय. ओंकारेश्वरला पोहोचले की याच धाग्यावर खर्चाचे खरे आकडे टाकत जाईन, आठवड्याला एकदा. माझ्यामागून निघणाऱ्या एखादीला अंदाज यावा म्हणून.